ढोकबाईची हजेरी

१ जुलै १९७८, शनिवार

काल मिलमधली शेवटची पाळी संपली. चौतीस वर्षे गेटजवळच्या खिडकीत बसून मी लोकांची हजेरी मांडली. निरोपाला हार, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. टाइमकीपरला घड्याळ द्यायचे कोणाच्या डोक्यातून निघाले देव जाणे. घरी लावून बघितले तर दिवसाला चार मिनिटे मागे पडते.

आज सकाळी चन्नम्मा भाकरी थापत होती. मी सहज म्हणालो, एका भाकरीला सव्वादोन मिनिटे लागली, मघाच्या भाकरीला दोनच लागली होती. तिने काठवट बाजूला सारली आणि म्हणाली, "साकु." साकु म्हणजे पुरे. रागावली की ती कानडीत येते. मग मराठीत म्हणाली, "तुम्ही काहीतरी बाहेरचं काम बघा. नाहीतर मी तरी मिलमध्ये जाते."

म्हणून ही वही काढली. घरात माणसावर नजर ठेवण्यापेक्षा स्वतःवर ठेवलेली बरी.

९ जुलै, रविवार

गुरुवारी वाचनालयात कॉलेजच्या सोमलिंग सरांचे भाषण होते. प्राणिशास्त्र शिकवतात, वय पस्तिशीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. माळढोक नावाचा मोठा पक्षी आपल्या उजाड माळावर राहतो, फार थोडे उरलेत, आणि ते टिकवायला गावातल्या लोकांनी पदरचा वेळ द्यावा, असे त्यांचे म्हणणे. शेवटी म्हणाले, "उत्साही मंडळी पुष्कळ येतात हो. मला एका जागी बसून घड्याळ बघणारा माणूस हवा आहे." माझा हात इतक्या जोरात वर गेला की शेजारच्याची टोपी पडली.

आज सरांबरोबर गेलो. नान्नजच्या रस्त्याला फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तिथून शेतांमधल्या पांदीच्या वाटेने पायी चौतीस मिनिटे. मला वाटले होते पक्षी म्हणजे झाडी असेल. झाडे दोनच. दोन्ही बाभळी, एकमेकींपासून चांगल्या अर्ध्या मैलावर, आणि दोन्ही वाऱ्याने एकाच अंगाला वाकलेल्या. बाकी गुडघाभर गवत आणि दगड.

सात बावन्नला लांबून 'हूम्म' असा आवाज आला. मी सवयीने घड्याळ पाहिले. सात बावन्नला कुठल्याच मिलचा भोंगा नसतो. सर हसले. तो नर होता. दुर्बिणीतून दाखवला. कमरेइतका उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल थेट आमच्या विव्हिंग मास्तरांची. गळ्याची पिशवी फुगवून मादीला बोलावत होता. अठ्ठावन्न वर्षे सोलापुरात काढली आणि हा शेजारी मला ठाऊकच नव्हता, याची लाज वाटली आणि गंमतही.

मेंढरे घेऊन एक बाई आल्या. बजाबाई. साठीच्या असतील, खांद्यावर घोंगडे. म्हणाल्या, "आप्पा, तुमी कशापायी आलाय हितं?"

"पक्षी बघायला."

"बगायचा पगार हाय व्हय?"

"नाही."

"मग बगा की निवांत," म्हणाल्या आणि मेंढरांमागे गेल्या.

३० जुलै, रविवार

आज माझ्या हातून, म्हणजे पायातून, मोठे पाप होता होता राहिले. सरांच्या मागे गवतातून चाललो होतो. पलीकडून बजाबाई ओरडल्या, "आप्पा, पाय उचला! आंडं हाय!"

पाय अधांतरी धरून खाली पाहिले. आधी काही दिसलेच नाही. मग मातीचाच एक तुकडा गोल आहे असे वाटले. घरटे नाही, काडी नाही, कापूस नाही. उघड्या भुईवर एकच अंडे, मातीच्या रंगाचे, वर तपकिरी डाग. मादी एका वेळी एकच घालते आणि एकटीच बसते. नर हूम हूम करून मोकळा होतो. सर कुजबुजत म्हणाले, "अजून पंचवीस-सत्तावीस दिवस. या माळावर गेल्या दोन वर्षांत एकही पिल्लू निघालेलं नाही. हे निघालं पाहिजे, बसलिंगप्पा."

काम माझ्याकडे आले. मादी कधी उठते, कधी येते, ते लांबून लिहायचे. मी रस्त्याकडच्या बाभळीला लाल चिंधी बांधली, म्हणजे दुसरीशी घोटाळा नको. तिथून मावळतीला दोनशे बारा पावलांवर अंडे. परत येताना मोजले, पुन्हा दोनशे बारा. बजाबाईंना मोठ्याने सांगितले, लक्षात ठेवा, दोनशे बारा. त्यांनी बोटे मिटत उघडत विचार केला आणि म्हणाल्या, "धा ईसा आन् बारा." मेंढरे विसांनी मोजतात ना.

१ ऑगस्ट, मंगळवार

काल एक बैलगाडी अंड्यापासून चार हातांवरून गेली. रात्रभर चाक डोळ्यापुढे फिरत होते. पहाटे युक्ती सुचली. मिलच्या आवारात रस्त्याच्या कडेला चुना लावलेले दगड असतात. कामगार गर्दीतही ते ओलांडत नाही. तसेच करायचे.

सर कोल्हापूरला गेलेत, दहा दिवसांनी येतील. वनखात्याच्या गार्डला, महिपतीला, चुन्याची बादली आणायला लावली. अंड्यापासून वीस पावले सोडून चोवीस दगडांचे गोल कडे केले. ढोकबाई (मी तिला हेच म्हणतो, मस्टरवर काहीतरी नाव लागते) चरायला गेली होती तेवढ्या वेळात काम उरकले. बाभळीच्या पुढे गोणपाटाचा आडोसाही उभा केला आणि थर्मास टांगायला बाभळीला एक खिळा ठोकला.

बजाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आप्पा, धोंड्याला चुना फासल्यावर माणूस काय करतंय, म्हाईत हाय न्हवं?"

"लांब राहतो," मी म्हणालो.

त्या कितीतरी वेळ हसल्या. खेड्यातल्या माणसांना शिस्तीचे हसू येते.

३ ऑगस्ट, गुरुवार

ढोकबाई सात चाळीसला उठली, आठ दोनला आली. बावीस मिनिटे. येताना सरळ येत नाही. लांब उतरते, इकडेतिकडे बघत, चरत असल्याचे सोंग करत येते आणि एकदम खाली बसून नाहीशी होते. आपली जागा कोणाला कळू नये म्हणून. हे मी स्वतः शोधून काढले.

बावीस मिनिटांवरून काशम्मा आठवली. रिळिंग खात्यात होती. तान्हे मूल मिलच्या पाळणाघरात, पाजायला पंधरा मिनिटांची सुट्टी. तिला बावीस लागायची. मी सात मिनिटे उशीर मांडायचो. तीन उशीर झाले की अर्ध्या दिवसाचा खाडा. ती भांडली नाही कधी. एकदा खिडकीशी येऊन नुसती बघत उभी राहिली. मी म्हणालो, घड्याळ माझ्या बापाचे नाही. नियम होता, आणि मी बरोबर होतो. आज हे का लिहितो आहे कळत नाही.

७ ऑगस्ट, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. एका दगडावर हळदकुंकू दिसले, जवळ नारळाची करवंटी. कोणीतरी चेष्टा केली असावी. ढोकबाई एक्केचाळीस मिनिटे बाहेर.

८ ऑगस्ट, मंगळवार, नागपंचमी

दहाच्या सुमाराला चाळीसेक बायका आल्या, लाह्या आणि दुधाचे तांबे घेऊन. वारुळाला जात असतील म्हणून मी आडोशात बसून राहिलो. त्या थेट माझ्या दगडांपाशी आल्या. कुंकू वाहिले, दूध ओतले आणि कड्याभोवती फेर धरून गाणी म्हणू लागल्या. ढोकबाई पहिल्याच गाण्याला उठून गेली.

मी धावत गेलो. "बायांनो, ही देवी नाही! हा चुना मी लावलाय, माझ्या हातानं!"

एक म्हातारी म्हणाली, "व्हय की आप्पा. तुमच्या हातनं लावून घेतला तिनं."

"अहो, मिलमध्ये रस्त्याच्या कडेला लावतात तसा लावलाय!"

"मिलमदीबी असंलच की ती. कुटं न्हाय ती?"

मी जितके नाही म्हणालो तितकी त्यांची खात्री पटत गेली. शेवटी माझ्या हातात नारळ दिला आणि दोघी पाया पडल्या. इष्टलिंग गळ्यात बांधणारा लिंगायत माणूस मी, आणि माळावरच्या देवीचा पुजारी झालो.

एक तास पन्नास मिनिटे. ऊन तापले होते आणि अंडे उघडे होते. शेवटी ढोकबाई आली, बसली. मी आडोशात तोंडावर हात घेऊन रडलो. पिल्लू आत असेल का अजून?

१० ऑगस्ट, गुरुवार

सर आले. रागावले नाहीत, ते जास्त लागले. चष्मा पुसत म्हणाले, "दगड आजच्या आज काढा."

महिपती दोन पावले मागे सरला. "मी न्हाय हात लावनार. पोराबाळांचा मानूस हाय मी."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो. धोंड्यात देव नसतो असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आलेत. वाकलो. दगडावर कुंकू होते, दुधाचा ओघळ वाळला होता, कोणीतरी लहान हिरवी बांगडी ठेवली होती. कोणाच्या तरी लेकराची असेल. मला उचलता आला नाही. हे खोटे लिहून उपयोग नाही. सरांनाही आला नाही.

येत्या सोमवारी पंचक्रोशीतली माणसे येणार म्हणतात. टाळ, नैवेद्य, सगळे. तेवढे झाले तर ढोकबाई कायमची उठेल, सर म्हणाले.

१२ ऑगस्ट, शनिवार

उद्या अकलूजला चन्नम्माच्या भावाच्या नातवाचे बारसे. जावेच लागेल. बजाबाईंना सांगितले. त्यांनी विचारले, "मग उंद्याला हितं कुनीबी न्हाय व्हय?"

"महिपती फेरी मारेल दुपारी."

"दुपारपातुर न्हाय मंजी," म्हणाल्या.

मला ते बोलणे खटकले. महिपतीने मागे सांगितले होते, पिल्लू निघाले तर खाते या माळाला कुंपण घालणार आणि मेंढरे बंद. मग अंडे फुटावे असे कोणाला वाटेल? मी काही म्हणत नाही. नुसते लिहून ठेवतो.

१३ ऑगस्ट, रविवार. अकलूज

जेवणाच्या पंगतीत तीनदा घड्याळ पाहिले. चन्नम्माने कोपराने ढोसले. बासुंदी चांगली होती म्हणतात.

१४ ऑगस्ट, सोमवार

दोनशे तरी माणूस होते. टाळ, झांज, एक पेटीवालाही. कडे होते तसे होते, आडोसाही होता, पण ढोकबाई दिवसभर दिसली नाही. मस्टरवर पहिल्यांदा तिच्यापुढे 'खाडा' लिहिले.

बजाबाई सकाळी फाट्यापाशीच भेटल्या. "पांदीत चिखुल झालाय आप्पा, आता वरल्या अंगानं जात जावा." त्या वाटेने पंचेचाळीस मिनिटे लागली. वळसा आहे आणि गुडघेही दुखतात. त्यांच्या दोन्ही तळव्यांना चुना लागला होता, बोटांना भेगा पडल्या होत्या. मी म्हणालो, "तंबाखू सोडा बजाबाई, चुन्यानं हात खाल्ले तुमचे." त्या म्हणाल्या, "व्हय, सोडायला पायजेल." कमरेवर हात ठेवून चालत होत्या.

१६ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस वाट पाहून आज दुपारी कड्याच्या आत गेलो. इंचइंच पाहिले. अंडे नाही. टरफलही नाही. गवत जागच्या जागी आहे, जणू तिथे कधी कोणी बसलेच नव्हते. चिंधीच्या बाभळीपासून पुन्हा मोजले. दोनशे बारा. मोजण्यात चूक नाही.

बजाबाई ओढ्याशी होत्या. मी जाऊन तोंडावर विचारले, "रविवारी तुम्ही इथं होता. अंड्याचं काय केलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कुठे असे पाहणे पाहिले होते ते तिथे आठवले नाही. एवढेच म्हणाल्या, "बसा की आप्पा थितंच. बसत जावा."

मेंढरांसाठी एका जिवाचा जीव घ्यावा! मी फार बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

सरांना लेखी कळवले. वाचून ते म्हणाले, "कोल्हा असेल, मुंगूस असेल. बाईवर आळ घेऊ नका." मी म्हणालो, सर, चौतीस वर्षे माणसे ओळखण्यात गेली. मग त्यांनी महिपतीला सांगितले, तूर्त मेंढरे या माळावर आणू नका म्हणून बजाव.

बजाबाई ऐकून गेल्या म्हणे. दोन मैल पलीकडे नेतात आता मेंढरे. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ इथेच दिसतात. कशाला, कळत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

घरी आलो तर चन्नम्मा खुशीत. शेजारणींबरोबर एस.टी.ने कुठेशी जाऊन आली होती. खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि गुडघ्यांना अंगारा लावला. "माळावर नवी देवी उठलीय, पांढऱ्या धोंड्यांची. चोवीस बहिणी आहेत म्हणे. सातरस्त्यापर्यंत नाव झालंय. तुम्ही रोज तिकडेच जाता, कधी सांगितलं नाही ते!"

मी खोबरे गिळले. म्हणालो, "कामात असतो, लक्ष गेलं नाही." माणसाने किती ठिकाणी कबुली द्यायची?

"पुजारी कोणी दिसला नाही," चन्नम्मा म्हणाली. "आडोशात एक म्हातारा पाठ करून झोपला होता."

२३ ऑगस्ट, बुधवार

ढोकबाई खाडा. आज दहावा. जायचे कशाला असे रोज वाटते, पण पाळी म्हणजे पाळी.

बसून बसून बारीकसारीक गोष्टी दिसतात. पूर्वी सकाळचे ऊन पाठीवर यायचे, आता कानावर येते. श्रावणात सूर्य सरकत असेल, सरांना विचारायला हवे. आडोशाचे बांबू मी सुतळीने बांधले होते, ते आता लोकरीच्या दोऱ्याने बांधलेले आहेत. सुतळी कुजली म्हणून महिपतीने बांधले असतील. त्याला लोकर कुठे मिळाली कोण जाणे. चिंधीची गाठही माझी वाटत नाही. थर्मासचा खिळा कोणीतरी उपटून नेला. माणसे खिळासुद्धा सोडत नाहीत.

पांदीतला चिखल वाळला असेल एव्हाना. पण ती वाट विचारायची म्हणजे बजाबाईंशी बोलावे लागेल.

२७ ऑगस्ट, रविवार

आज सगळे नीट आणि क्रमाने लिहिणार आहे.

साडेसातला बजाबाई आडोशाशी आल्या. "आप्पा, आज हितं बसू नगा. माज्यासंगं चला."

मी उठलो नाही. त्या म्हणाल्या, "भांडाय न्हाय बलवत. चला."

रस्त्याच्या दिशेने, पण गवतातून, त्या पुढे आणि मी मागे. सवयीने घड्याळ लावले होते. अकरा मिनिटांनी त्या एका बाभळीखाली थांबल्या आणि खांदा दाबून मला खाली बसवले. "गप बसा. आन् घड्याळ नगा बगू."

मी झाडाला टेकलो. पाठीला काहीतरी टोचले. हात मागे नेला. थर्मासचा खिळा.

मी तो खिळा दोन बोटांत धरून बसलो. अकरा मिनिटे. चौतीस आणि अकरा पंचेचाळीस. लोकरीचा दोरा. कानावर येणारे ऊन. चुन्याने खाल्लेले तळवे. एकेक गोष्ट मी स्वतः वहीत मांडली होती आणि एकीचीही बेरीज केली नव्हती.

"तुम्ही दगड हलवले," मी कुजबुजलो. "चोवीसच्या चोवीस. चिंधी आणि आडोसासुद्धा."

"घोंगड्यात घालून नेलं, चार-चार धोंडं. त्या बाभळीपासनं धा ईसा आन् बारा पावलं. तुमी मोजनार ह्ये ठावं हुतं की मला."

"देवीचे दगड... हात कसा लावलात?"

"आधी इचारलं तिला. म्हनलं, आई, तुज्यापायी एक लेकुरवाळी उठून जातीया. जरा तिकडं सरून बस. बसली की."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी लिवलं असतं. समदं लिवताय तुमी. आन् आप्पा, रागावू नगा, बाया गात हुत्या ते खरं, पर तुमीबी तिला लई उटवत हुता. घटकंघटकंला उभं ऱ्हाऊन बगायचं, पावलं मोजायची. तिला वाटायचं, ह्ये मानूस माज्या आंड्यावरच टपलंय."

माझे शंभर लोकांनी वाईट चिंतले असेल, पण इतके खरे कोणी बोलले नव्हते.

तेवढ्यात त्यांनी माझे मनगट धरले. समोर गवत हलले. ढोकबाई निघाली, सावकाश, मान उंच करून. तिच्या पायांपाशी मातीचेच एक ढेकूळ चालत होते. कोंबडीच्या पिलापेक्षा थोराड, अंगावर ठिपके. चार पावले टाकायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. आईने एक नाकतोडा पकडून पुढे टाकला. पिलाला तो सापडेना. तिने उचलून पुन्हा टाकला. तीनदा. तिला कसलीच घाई नव्हती. किती वेळ हे चालले ते मला सांगता येणार नाही, कारण मी घड्याळ पाहिले नाही.

दोघे गवतात गेल्यावर मी म्हणालो, "बजाबाई, पिल्लू निघालं म्हणजे कुंपण येणार. तुमची मेंढरं..."

"ठावं हाय."

"तरी?"

त्या उठल्या, घोंगडे झटकले. "मेंढरांस्नी चार-चार पाय हायत आप्पा. जात्याल कुटं बी. आंड्याला एक तरी हाय का?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पडू दिले नाही. "त्ये तिकडं देवीच्या पडा," म्हणाल्या आणि हसत मेंढरांकडे गेल्या. दोन मैल. मी घालवले होते तिथे.

२८ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजवर जाऊन सरांच्या हातात दुसरे पत्र दिले. पहिले मागे घेतो, आळ खोटा होता, चूक माझी. मग तोंडी सगळे सांगितले. सर आधी हसले, मग दोऱ्याचा चष्मा काढून डोळे पुसले. पिल्लाबद्दल खात्याला कळवावेच लागेल म्हणाले. मी विचारले, कुंपण आले की राखणीला माणूस लागेल, तेव्हा बजाबाईंचे नाव सुचवाल का? म्हणाले, "सुचवतो. शब्द देत नाही." मी सोबत अर्जही लिहून नेला होता, तो ठेवून घेतला. मेंढरांवरची बंदी मात्र आजच उठली. महिपतीला मीच घेऊन गेलो आणि माझ्यासमोर सांगायला लावले.

बजाबाईंना म्हणालो, मी सरांना सगळे लिहून दिले, कुंपण लवकर येईल. "लिवा की," म्हणाल्या. "खरं त्ये लिवाय नगं व्हय?"

३१ ऑगस्ट, गुरुवार

आज पांदीतून गेलो. चौतीस मिनिटे. घरी सांगितले तर चन्नम्मा म्हणाली, देवीचा अंगारा लागू पडला. पडला असेल. मी उद्या बादली घेऊन जाणार आहे. पावसाने दगडांचा चुना उतरला आहे, आणि माणसे तिकडेच जात राहिलेली बरी.

संध्याकाळी मस्टर सरांना देण्यासाठी उघडले. चौदापासून सव्वीस ऑगस्टपर्यंत ओळीने तेरा खाडे. माझ्या हातचे, सरळ, एका मापाचे. ढोकबाई त्या तेराही दिवशी जागेवर होती. मीच भलत्या खिडकीत बसलो होतो.

लाल शाईने तेराही खोडले आणि वर 'हजर' लिहिले. डोळ्यांनी न पाहता हजेरी मांडण्याची चौतीस वर्षांतली ही पहिली वेळ. शेरा लिहिला, 'टाइमकीपरची चूक', आणि सही केली.

चन्नम्मा मागून डोकावली. "कुणाची हजेरी?"

"एका बाईची राहिली होती."

काशम्मा साखर पेठेत राहत असे, गिरणीच्या मागच्या बोळात. ते पोर आता सोळा-सतरा वर्षांचे असेल. मिलचे जुने मस्टर काही माझ्या हाती लागणार नाही. उद्या चुना लावून झाला की परतताना तिकडे उतरतो. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही. खिडकीशी उभी होती तशी ती पुन्हा बघत राहिली तर या वेळी मी घड्याळाकडे बघणार नाही.